जुनं घर घेण्याआधी इंजिनिअरला दाखवून घ्यावं का? (लातूर, रो-हाऊस, २०११ चं बांधकाम)

मांजराकाठ | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लातूरला औसा रोडच्या बाजूला एक रो-हाऊस बघून ठेवलंय. ओळीतलं शेवटचं, कोपऱ्याचं घर. बांधकाम २०११ चं. मालक निवृत्त गुरुजी आहेत, आता मुलाकडे पुण्याला जायचं म्हणतात. ५८ लाख सांगितलेत. माणूस सरळ, घर स्वच्छ, आणि अंगणातला पारिजातक बघूनच बायकोने मनात घर घेऊन टाकलंय.

वकिलाने तीस वर्षांचा सर्च घेतला, कागद चोख निघाले. बँकेचा व्हॅल्युअर येऊन जाईल. आता ओळखीतल्या एका सिव्हिल इंजिनिअरने सुचवलं की इसार देण्याआधी घराची रीतसर तपासणी करून घ्या. पाया, स्लॅब, गच्ची, वायरिंग, ड्रेनेज सगळं बघून लेखी अहवाल मिळेल, फी १४ हजार. मेहुणा म्हणतो, "कायला उगं पैसे घालायलास, तेवढ्यात एका खोलीचा रंग होतो." वडिलांचं म्हणणं वेगळंच. गुरुजींच्या घरात यंत्रं घेऊन माणूस पाठवायचा म्हणजे त्यांच्या शब्दावर विश्वास नाही असं होतं.

मला मात्र खालच्या मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली एक भेग राहून राहून आठवते. गुरुजी म्हणाले, प्लास्टरची आहे. असेलही. पण वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणार आहे. ज्यांनी अशी तपासणी करून घेतली किंवा घेतली नाही, त्यांनी अनुभव सांगावेत.

गोदातीर | १२ जून, रात्री १०:०२

कागद वकिलाने बघितले. भिंत कोणी बघितली? करून घ्या.

जुना ठेकेदार | १२ जून, रात्री १०:३१

परभणीत तीस वर्षं झाली स्लॅब टाकतोय. घर बघायला १४ हजार लागत नाहीत, डोळे लागतात. तुम्हाला फुकट सांगतो:

सगळ्या घराला जुना रंग आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की तिथं तळहात लावून बघा. दार काढून घेऊन खालची कड बघा, नवा रंधा मारलेला असेल तर दार घासत होतं, म्हणजे चौकट हललेली असू शकते. फरशीवर नाण्याने ठोकत जा, पोकळ आवाज येतो तिथं खालची भर बसलेली असू शकते. वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली उभं राहून छत बघा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, घर एकदा भर पावसात बघा. उन्हाळ्यात सगळी घरं चांगलीच दिसतात.

काळी आई | १३ जून, सकाळी ७:१५

ठेकेदार काकांच्या शेवटच्या वाक्यावर माझं सगळं रामायण आहे.

आम्ही २०१८ च्या मे महिन्यात संभाजीनगरला, तेव्हाचं औरंगाबाद, नऊ वर्षं जुना छोटा बंगला घेतला. ताजा पांढरा रंग, चकाचक किचन ओटा. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, बांधकामातलं काही कळत नाही. वकील केला, वास्तुशांतीचा मुहूर्त काढला, पण पाया कशावर आहे हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. जुलैत मागच्या बेडरूमचं दार लागेना. सुताराने कड तासून दिली. ऑगस्टमध्ये खिडकी अडकली. दिवाळीपर्यंत कोपऱ्यातून वर भेग गेली, बोटाचं नख आत जाईल एवढी. पुढच्या उन्हाळ्यात ती आणखी उघडली आणि पावसात थोडी मिटली. घर श्वास घेतंय असं वाटायचं. रात्री झोप लागत नसे.

शेवटी इंजिनिअर आणला, कोपऱ्याशी खड्डा घेतला. चार फुटांवर पाया संपला होता आणि त्याच्या खाली निव्वळ काळी माती. मुरूम त्याच्याही खाली होता, तिथपर्यंत कुणी गेलंच नव्हतं. शिवाय बाथरूमची पाइप जमिनीखाली फुटलेली, ते पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात मुरत होतं. पायाचं मजबुतीकरण, ड्रेनेज, फरशी, प्लास्टर, सगळं मिळून साडेसहा लाख गेले. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडली.

माझ्या खरेदीखताला नुसती नोंदणी फीच ३० हजार लागली होती. त्याच्या निम्म्या पैशात हे सगळं आधी कळलं असतं. दादा, ती भेग सोडू नका.

सातवा वेतन | १३ जून, सकाळी ९:४८

माझे सासरे कुणाचंही घर बघायला जाताना खिशात गोटी घेऊन जातात. हॉलमध्ये सोडतात आणि ती कुठं जाते ते बघत बसतात. मालकाचा चहा येईपर्यंत गोटी सोफ्याखाली आणि सासरे तिच्या मागं. 😄

जुना ठेकेदार | १३ जून, सकाळी १०:०५

@सातवा वेतन, हसू नका, सासरे हुशार आहेत. फक्त बाथरूम आणि बाल्कनीत गोटी सोडू नका म्हणावं, तिथं उतार मुद्दाम दिलेला असतो.

मुरूम लागेपर्यंत | १३ जून, दुपारी १:२०

मी सिव्हिल इंजिनिअर, याच भागात काम करतो. जरा लांबण लागेल, पण विषय जिव्हाळ्याचा आहे.

आधी एक गैरसमज. बँकेचा व्हॅल्युअर घराची किंमत काढतो, तब्येत बघत नाही. बँकेला एवढंच बघायचं असतं की कर्ज बुडलं तर हे घर विकून पैसे निघतील का. गच्ची गळते की नाही, अर्थिंग आहे की नाही, हे त्याच्या कामात येत नाही. "बँकेने पास केलंय" म्हणून निर्धास्त होणारे लोक मी रोज बघतो.

दुसरं, काळी माती. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी हीच जमीन आहे. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पडतात. आपल्याकडच्या मानकात खोल काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा दिलेले काँक्रीटचे खांब, किमान साडेतीन मीटर खोल न्यायला सांगितलंय, कारण तिथपर्यंत ऋतूप्रमाणे ओलावा बदलत राहतो. मोठ्या इमारतीला लोक हे करतात, पण रो-हाऊसला "चार फूट बास" म्हणून काम उरकलेलं खूप ठिकाणी सापडतं. म्हणून भेगेची लांबी-रुंदी बघण्याआधी तिची दिशा बघायची. केसासारख्या, जाळ्यासारख्या पसरलेल्या भेगा बहुतेक प्लास्टरच्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, आरपार, वर रुंद आणि खाली बारीक होत गेलेली भेग असेल तर कोपरा खचल्याची शंका घ्यायची. मांजराकाठ, बाहेरच्या बाजूने त्याच जागी भेग दिसते का, एवढं आजच बघून या.

तिसरं, आपल्याकडचा खास आजार म्हणजे क्युरिंग. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलं ठेवायचं असतं. दुष्काळी वर्षात प्यायलाच पाणी नसताना स्लॅबवर आळी करून पाणी कोण धरणार? २०१५-१६ च्या सुमाराला बांधलेलं घर असेल तर मी स्लॅब आणि कॉलम जास्त बारकाईने बघतो. काही ठिकाणी खारट बोअरचं पाणी थेट काँक्रीटमध्ये गेलेलं असतं, मग आतलं लोखंड लवकर गंजतं.

आता १४ हजारांत काय होतं? मुख्य काम डोळ्यांचंच असतं, ठेकेदार काका बरोबर आहेत. फक्त ते डोळे कुठलीही खोली न सोडता, क्रमाने, गच्चीपासून चेंबरपर्यंत फिरायला हवेत आणि जे दिसलं ते फोटोसकट कागदावर यायला हवं. जोडीला ओलावा मोजायचं यंत्र, लोखंड किती आत आहे ते सांगणारं कव्हर मीटर, रिबाउंड हॅमर. हा हॅमर फक्त पृष्ठभागाची कठिणता सांगतो. त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं असं मानकातच म्हटलंय. त्यामुळे कुणी नुसता हॅमर मारून "एम-२० आहे" असा काँक्रीटचा दर्जा छातीठोक सांगत असेल तर त्याला फी देऊ नका.

हिशोबी | १३ जून, दुपारी ३:३७

सगळं पटतं, पण व्यवहार असा चालत नाही. चांगलं घर बाजारात आलं की तीन दिवसांत इसार होतो. तुम्ही इंजिनिअर आणेपर्यंत दुसरा माणूस रोख घेऊन उभा. आणि मालकाने "घ्यायचं तर घ्या, ठोकाठोकी चालणार नाही" म्हटलं तर काय करणार? मी दोन घरं घेतली, दोन्ही वेळा ओळखीच्या गवंड्याला पाचशे रुपये आणि जेवण देऊन दाखवली. आजपर्यंत तक्रार नाही.

काळी आई | १३ जून, दुपारी ४:१०

हिशोबी दादा, आम्हीही घाईच केली होती, तीन दिवसांत इसार दिला होता. समोरच्या "दुसऱ्या गिऱ्हाइकाची" भीती एजंटनेच घातली होती.

देगलूर ते डॅलस | १३ जून, रात्री ८:५५

मूळचा देगलूरचा, अठरा वर्षं अमेरिकेत. हिशोबींच्या प्रश्नाला इथली पद्धत उत्तर देते म्हणून लिहितो.

इकडे साधारणपणे आधी सौदा ठरतो, मग तपासणी होते. करारातच कलम असतं की ठरलेल्या मुदतीत, बहुधा आठ-दहा दिवसांत, खरेदीदार इन्स्पेक्टर आणेल. अहवालात मोठं काही निघालं तर मालकाने दुरुस्त करावं, किंमत कमी करावी, नाहीतर खरेदीदार बयाणा परत घेऊन मोकळा. त्यामुळे घर हातचं जात नाही आणि आंधळेपणाने पैसेही अडकत नाहीत. कोविडनंतर घरांची टंचाई झाली तेव्हा बऱ्याच लोकांनी सौदा जिंकण्यासाठी ही अट सोडून दिली. माझ्या एका सहकाऱ्याने सोडली, त्याला छप्पर पहिल्याच वर्षी बदलावं लागलं.

इन्स्पेक्टर इकडेही भिंत फोडत नाही, फरशी उकरत नाही. जे दिसतं आणि जिथं पोचता येतं तेवढंच बघतो. मोठी शंका आली तर "स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा" असं लिहून देतो.

काळी आई, तुमचं वाचताना कॅलिफोर्नियातला एक खटला आठवला. ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर. १९७६ मध्ये एका बाईंनी १ लाख ७० हजार डॉलरला घर घेतलं. ते नीट न दाबलेल्या भरावावर उभं होतं. पुढं जमीन सरकली, घराचं मोठं नुकसान झालं. फरशी एकसारखी नाही, उतारावर जाळी लावलेली आहे, अशा खुणा एजंटच्या डोळ्यांपुढे होत्या. १९८४ मध्ये कोर्टाने म्हटलं की विक्रेत्याच्या एजंटनेही घर वाजवी काळजीने बघून दिसणारे दोष खरेदीदाराला सांगायला हवेत. पुढच्या वर्षी तिथल्या विधिमंडळाने तसा कायदाच केला. आपल्याकडचा एजंट दोन्हीकडून टक्के घेतो, पण भिंतीबद्दल चकार शब्द काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वकिलीण बीडची | १३ जून, रात्री ९:४०

इथंही मार्ग आहे. इसार पावतीत एक ओळ घाला: "खरेदीदार पंधरा दिवसांत स्वखर्चाने घराची तांत्रिक तपासणी करून घेईल, त्यात गंभीर दोष आढळल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल." मी माझ्या अशिलांना हे लिहायला लावते. दहापैकी आठ मालक सही करतात. उरलेले दोन का करत नाहीत, ते आपल्याला तपासणीआधीच कळतं.

आणि विक्रेत्यांनी हेही लक्षात घ्यावं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साधी काळजी घेऊन सापडणार नाही असा मोठा दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. "बघून घेतलंय ना तुम्ही" एवढ्यावर सुटका होत नाही. मात्र खरेदीदाराने समोरची भेगही बघितली नसेल तर कोर्टात त्याची बाजू लंगडी पडते.

नवं घर बिल्डरकडून घेतलं असेल तर रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या, कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून साडेचार वर्षं झाली की तपासणी करून घ्या, नंतर ते दार बंद होतं. मांजराकाठ, तुमच्या २०११ च्या घराला हे लागू नाही.

पाणीवार | १३ जून, रात्री १०:२५

पाण्याचंही बघा की. लातूरकरांना सांगायला नको, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बोअर किती फूट, मे महिन्यात किती वेळ चालतो, जमिनीखालची टाकी किती लिटरची आणि ती गळते का? आमच्या टाकीला तडा होता. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं आणि तिसऱ्या दिवशी टाकी तळाला. आम्हाला वाटायचं आपणच जास्त वापरतो. बायको पाहुण्यांना आंघोळीला बादली मोजून द्यायची, बिचारी.

मुरूम लागेपर्यंत | १३ जून, रात्री १०:४४

@पाणीवार, आणि ते गळणारं पाणी जातं कुठं? पायाखालच्या काळ्या मातीतच. टाकी भरून चोवीस तास पाणी न वापरता पातळी मोजायची, साधी गोष्ट आहे.

लामजना | १४ जून, पहाटे ५:५०

मी सहसा लिहीत नाही. पण "डोळे पुरेसे आहेत" हे वाचून राहवलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. पहाटे ३:५६. आमचं घर सगळ्या आळीत भक्कम मानलं जायचं. अडीच फूट जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, दिसायला गढी. कुणालाही दाखवलं असतं तर म्हणाला असता, शंभर वर्षं हलणार नाही. भिंत मात्र एक नव्हतीच. आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि चिपा. दोन्हींना बांधणारा आरपार दगड कुठंच नव्हता. हादरा बसला तशा भिंती उभ्या फाटल्या आणि वरची सगळी माती खाली आली. आजी आणि धाकटी बहीण त्याच खोलीत होती.

किल्लारीचा पट्टा तेव्हाच्या नकाशात भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या भागात होता. नंतर २००२ च्या मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. २०२४ ला हिंगोलीत धक्के बसले ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. आजही लोक गावाकडचे जुने वाडे हौसेने विकत घेतात, लाकूडकाम बघून. घ्या, पण भिंतीला आरपार दगड आहे का, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा आहे का, माळवदाची माती उतरवली आहे का, हे जाणकाराकडून बघून घ्या. रो-हाऊसमध्येही कॉलम खरे आहेत की नुसतं वीट बांधकाम आहे, हे प्लास्टरवरून दिसत नाही. मी दोन वर्षांपूर्वी औशात घर घेतलं तेव्हा पहिला खर्च तपासणीचा केला. आई म्हणाली, आधी ते कर.

जुना ठेकेदार | १४ जून, सकाळी ८:२०

@लामजना, हात जोडतो. त्या वेळी मी बिगारी म्हणून तिकडं पत्र्याचे निवारे उभे करायला गेलो होतो. माझं वरचं वाक्य मागं घेतो. दिसणारं मी सांगू शकतो. न दिसणारं यंत्राशिवाय मलाही दिसत नाही. वायरिंगमधलं तर मला काहीच कळत नाही.

परभणीची मावशी | १४ जून, दुपारी १२:१५

मी विकणाऱ्याच्या बाजूने सांगते. यजमान गेल्यावर २०२२ ला घर विकायला काढलं. बघायला येणारा प्रत्येक माणूस काहीतरी खोट काढायचा आणि दोन लाख कमी सांगायचा. बाईमाणूस एकटी, म्हणून जास्तच. भाच्याने सुचवलं, तूच आधी तपासून घे. इंजिनिअरने सात गोष्टी काढल्या. त्यातल्या पाच किरकोळ होत्या, त्या मी २२ हजारांत करून घेतल्या. उरलेल्या दोन लिहून अहवालाची प्रत टेबलावरच ठेवली. येईल त्याला आधी अहवाल, मग चहा. कुणी म्हणालं "पाया कच्चा दिसतो" की मी म्हणायची, पान चार वाचा. महिन्याभरात मी सांगितलेल्या किमतीलाच विकलं.

त्यामुळे मांजराकाठ, गुरुजींना वाईट वाटेल असं धरून चालू नका. विचारा तरी.

फ्लॅटवाला नांदेड | १४ जून, दुपारी २:०५

फ्लॅट घेणाऱ्यांनी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागा. आदर्श उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. आमच्या सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "ऑडिट झालंय की, सीए ने केलंय." 😄

मांजराकाठ | ६ जुलै, रात्री ९:१०

उशिरा येतोय, माफी असावी. तपासणी झाली. अहवाल कालच हातात आला, २६ पानं, फोटोंसकट.

आधी गुरुजींचं. मी घाबरत घाबरत विचारलं. ते म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. माझी वही कुणी तपासली तर राग कसा येईल?" वडील शेजारीच होते, काही बोलले नाहीत. बीडच्या ताईंनी दिलेली ओळ इसार पावतीत जशीच्या तशी घातली.

भेग प्लास्टरची नव्हती. बाहेरूनही होती, बोगनवेलीच्या मागं लपलेली. गच्चीचा पाइप त्याच कोपऱ्यात पायाशी सुटतो आणि दोन हातांवर ड्रेनेजचा चेंबर गळतोय, त्यामुळे तिथली माती सतत फुगते-बसते. पण कोपऱ्याशी खड्डा घेतल्यावर पाया मुरमात गेलेला निघाला. कॉलम खरे आहेत, लोखंडावर कव्हर पुरेसं आहे. इंजिनिअरने स्वच्छ लिहिलंय की पाणी तोडलं तर भेग थांबायला हवी. चेंबर नवा, पाइप लांब नेणं आणि घराभोवती तीन फुटांचा पक्का पट्टा, मिळून अंदाज १ लाख १० हजार. गच्चीचा कोबा दोन ठिकाणी पोकळ आहे, तो वेगळा.

सगळ्यांना खरा धक्का बसला तो वायरिंगचा. तिन्ही पिनांचे सॉकेट आहेत, पण अर्थिंगची तार बोर्डातच संपते, जमिनीत खड्डाच नाही. गिझरला, वॉशिंग मशीनला, कशालाच अर्थिंग नाही. चौदा वर्षं. गुरुजी खुर्चीत बसले, म्हणाले, "सुट्टीत नातवंडं इथंच असतात." त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियन बोलावला, खड्डा घेतला आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला. मी घर घेतो की नाही याची वाट त्यांनी बघितली नाही.

व्यवहार असा ठरला: चेंबर आणि पाइप खरेदीखताआधी गुरुजी करणार, बाकीचं मी, आणि किमतीत ७५ हजार कमी. मेहुणा अजून म्हणतो, तेवढे तर गुरुजींनी नुसतं बोलूनही सोडले असते. सोडले असते कदाचित. पण अर्थिंगचं आम्हाला कळलं नसतं.

भेगेवर इंजिनिअरने काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकलीय. पावसाळाभर बघायचं. हलली तर काच तडकेल.

हिशोबी | ६ जुलै, रात्री ९:३२

अभिनंदन. इंजिनिअरचा नंबर मिळेल का? माझ्या दोन्ही घरांत गिझर आहेत.

मांजराकाठ | ६ जुलै, रात्री ९:४०

@हिशोबी, व्यनि केला आहे. तोपर्यंत गिझर चालू असताना नळाला हात लावू नका.

जुना ठेकेदार | ६ जुलै, रात्री १०:०१

पारिजातक पायापासून किती लांब आहे? आणि दिवाळीत काच कशी आहे ते इथं येऊन सांगा.

मांजराकाठ | ६ जुलै, रात्री १०:०८

बारा फुटांवर आहे काका, तेही मोजलं त्यांनी. राहू द्या म्हणाले. काचेचं सांगतो.